हे टायर नवे आहेत

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. टायर निवडणं हा विषय नुसता डोक्यात ठेवला की डोकं गरम होतं. कागदावर असलेला बरा.

झालं असं की काल बाजाराच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडीने तो मनावर घेतला नाही. ओल्या रस्त्यावरून आरामात आडवी सरकत गेली आणि पा लामूनच्या खाओ सोयच्या, म्हणजे नूडल्सच्या, टपरीत नाक खुपसून थांबली. लागलं कुणालाच नाही. एक स्टूल मोडलं. पा लामून हातात डाव घेऊन उभी होती. बोनेटकडे बघून म्हणाली, "विरोत, गाडी आत कशाला आणलीस? हाक मारली असतीस तर पार्सल दिलं असतं की!" अख्खा बाजार हसला. मीही हसलो.

वियांग सा हे थायलंडच्या उत्तरेतलं एवढंसं गाव. संध्याकाळपर्यंत बातमी डोंगर ओलांडून फ्रे शहरातल्या आमच्या लेकीच्या, नोकच्या, कानावर गेली. तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपण तिकडच्याच दवाखान्यात होणार आणि मग ती महिनाभर शेकशेगडीला इथे आईजवळ येणार, असं ठरलंय. निदान कालपर्यंत तरी ठरलं होतं. तिने मला, तिच्या 'पो'ला म्हणजे बापाला, फोनच केला.

"पो, टायर बदलल्याशिवाय मी बाळाला घेऊन तुमच्या गाडीत बसणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"अगं, बदलतोय की."

"तुम्ही चार वर्षं पंखासुद्धा बदलताय."

"पंख्याची गोष्ट वेगळी आहे."

"सासूबाईंनी त्यांची पिकअप धुऊन ठेवलीय. टायर झाले नाहीत तर महिना मी त्यांच्याकडेच काढेन. आईला पण सांगा."

आईला काय सांगायचं? अंपोन माझ्या शेजारीच उभी राहून ऐकत होती. माझं पहिलं नातवंड पहिला महिना विहीणबाईंच्या घरात काढणार? तसं होऊ देणार नाही. बाळ यायला अजून तीन-चार आठवडे आहेत. टायर तेवढ्यात सहज होतील. घाई केली की माणूस फसतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

टायर तपासले. खाचेत नाणं उभं घालून खोली बघायची पद्धत आहे म्हणतात. पण नाण्यावर राजांचं चित्र, ते उलटं करून चिखलाच्या चाकात खुपसायचं? माझ्याच्याने होणार नाही. मी काडेपेटीतली काडी घेतली. गुल अख्खा वर राहिला. म्हणजे टायर टकले झालेत.

चारही टायरांना आतल्या बाजूने, दिसू नये असे, पिवळ्या रंगाने १ ते ४ आकडे घातले. तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले मी. आकडा घातल्याशिवाय कुठलीही वस्तू मला समजत नाही.

माझ्या सासूबाई, अंपोनची आई, ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांना सगळं घर 'याय' म्हणतं, आजी म्हणून. मीही तेच म्हणतो. म्हणाल्या, "टायरांना नावं ठेवतोस का रे? मग बारसंही कर."

याय हे वेगळंच प्रकरण आहे. आमची गाडी हिरवी. माझ्या जन्मवाराला हिरवा रंग बाधतो असं ज्योतिषाने सांगितलं, तेव्हा यायने बाजारातून स्टिकर आणून मागच्या काचेवर चिकटवलं: 'ही गाडी पांढरी आहे.' त्याला बारा वर्षं झाली. गावात अशा पुष्कळ गाड्या आहेत. टायरवाल्या हिया सेंगची काळी गाडी गुलाबी आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

हिया सेंगच्या दुकानात गेलो.

"बोला लुंग, काय देऊ?" त्याच्यासाठी मी लुंग, म्हणजे काका.

"टायर."

"ते टायर बघून कळलं. कुठले?"

"तेच ठरवायला आलोय."

त्याने नोकराला चहा आणायला पाठवलं. मागे बॅटरी घेतली तेव्हापासून तो मला ओळखतो.

टायरांचे तीन प्रकार निघाले. एक पुष्कळ वर्षं टिकतो पण गुरगुरतो. दुसरा गप्प असतो पण लवकर झिजतो. तिसरा पाण्यात घट्ट धरतो पण पेट्रोल पितो. मी विचारलं, "तू स्वतःच्या गाडीला कुठला लावतोस?"

"जो खपत नाही तो."

तिसऱ्या प्रकारावर माझं मन बसत होतं. तेवढ्यात कडेला छापलेला आकडा वाचला. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते तिथे लिहिलेलं असतं. सोळावा आठवडा! म्हणजे ऐन सोंगक्रान, नव्या वर्षाचा सण.

"हे नकोत," मी म्हणालो. "सोंगक्रानात देश एकमेकांवर पाणी उडवत असतो. त्या आठवड्यात ज्याला कामावर बसवलं, त्याचं चित्त टायरात असेल का?"

"लुंग, टायर यंत्र बनवतं."

"आणि यंत्र कोण चालवतं?"

हिया सेंगने माझा चहा स्वतःच पिऊन टाकला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मातृदिन. अंपोनने यायला मोगऱ्याचा हार दिला, नोकने फोनवर अंपोनला ओव्या ऐकवल्यासारखं काहीतरी रडवं बोलून घेतलं, आणि यायने आपला हार काढून गाडीच्या स्टिअरिंगला घातला. गाडीत देवी असते, मे यानांग, तिलाही आईच म्हणायचं. यायने हात जोडून तिला विचारलं, "बाई गं, तुला कुठले टायर हवेत ते या बाबाला एकदा सांग. आमचं ऐकत नाही."

दिवसभर वेगवेगळ्या टायरांची तुलना करत बसलो. पावसात धरण्याला जास्त गुण द्यावेत की घाटातल्या उताराला, यावर अडलोय. अंपोनला मत विचारलं तर म्हणाली, "नोकच्या वेळी मला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तुम्ही कुठल्या रस्त्याने जाऊ याचा विचार करत होतात. ती कुठे झाली आठवतंय ना?"

शेजारच्यांच्या रिक्षात झाली. पण दोन्ही रस्त्यांवर त्या वर्षी खड्डे होते, हे ती विसरते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

यायने विचारलं, "तुझ्या त्या म्हाताऱ्या टायरांवर आकडा कुठला आहे?" तिला अखेर विषयात रस वाटला याचा आनंद झाला. बत्तिसावा आठवडा, साल सतरा, असं सविस्तर समजावलं. तिने 'सतरा' एवढंच दोनदा म्हटलं आणि लॉटरीवाल्याच्या सायकलमागे गेली.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज लॉटरीची सोडत होती. संध्याकाळी यायने कारण नसताना भाजलेलं बदक आणलं. मोठं होतं. विचारलं तर म्हणाली, "म्हाताऱ्या टायरांचं श्राद्ध." तिचं वय झालंय.

अंपोन आज फारच गोड बोलत होती. "इथे हिया सेंगकडे तीनच प्रकार. तुम्ही फित्सनुलोकला जा ना. मोठी दुकानं आहेत. तुमच्या भावाकडे राहा दोन दिवस. शांतपणे बघा."

"गाडी घेऊन जाऊ?"

"या टायरांवर? बसने जा."

बायकोला हा विषय कळू लागलाय. उद्या निघतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फित्सनुलोकला सात दुकानं पाहिली. एकोणीस प्रकार निघाले. आधी तीन होते तेव्हा जरा बरं होतं.

घरी आलो तर गाडी धुऊन चकचकीत, टायरांनासुद्धा काळं तेल लावलेलं. अंपोनने एवढी हौस कधी केली नव्हती. आणि चारही चाकांच्या वर, पत्र्यावर, नवं कोरं स्टिकर: 'हे टायर नवे आहेत.'

माझा तोल गेला. "याय, हे काय? टायरांना फसवताय की नशिबाला?"

"ओरडू नकोस. गाडी हिरवी असून बारा वर्षं पांढरी म्हणून चालली ना? तेव्हा बोललास का?"

"रंगाने ब्रेक लागत नाहीत!"

"रंगाने अपघात झाला नाही ना? मग? आणि एक सांगते. स्टिकर ताजं आहे तोवर टायर निरखायचे नाहीत, आकडे वाचायचे नाहीत. गुण उतरतो."

माझी लेक बाळाला घेऊन या गाडीत बसणार आणि घरातली वडीलधारी बाई चिकटपट्टीवर भरवसा ठेवते. टायरांकडे बघवेना. तसाच आत आलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहू की नको असं झालंय. आज पाऊस होता. बाजाराच्या त्याच वळणावर एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. कुत्रंही चकित झालं.

"आज जेवायला आत येत नाहीस का रे?" पा लामून टपरीतून ओरडली.

आणखी एक. गेली दोन वर्षं चाकांतून येणारी घूं घूं बंद आहे.

घरी आल्यावर यायचा शब्द न मोडता, म्हणजे डोळे मिटून, काडी टायरच्या खाचेत घातली. गुल आत गेला. वर काडीही थोडी गेली. काडेपेटीवाले अलीकडे गुल फार लहान करतात. माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा?

२४ ऑगस्ट, रविवार

यायला आणि अंपोनला नवीनच नाद लागलाय. अंगणात टायर कापून, वाकवून, पांढरा रंग देऊन त्यांचे हंस केलेत. चार आहेत. लांब माना, लाल चोची, पोटात झेंडूची रोपं. छान दिसतात. टायर कुठून आणले विचारलं तर दोघी एकदम म्हणाल्या, "मिळाले." लोक किती सहज टायर टाकून देतात! आणि मी इथे बसलोय.

स्टिकरचा बोभाटा झाला. कुत्र्याची गोष्ट पा लामूनने तिखटमीठ लावून सांगितली. आज शेजारचा लुंग पात आला. त्याच्या गाडीचे टायर माझ्याहून वाईट, आतली तार दिसते.

"विरोत, मला पण एक स्टिकर दे. खरंच चालतं का?"

"पात, मी शास्त्र मानणारा माणूस आहे," मी म्हणालो. "पण चालतं."

अंपोन स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पीठ तसंच. "नाही, नाही! असं कुठेही लावून चालत नाही. हिया सेंगच्या दुकानात नेऊन लावलं तरच ते लागू पडतं!"

"हिया सेंगच्याच का?" मी विचारलं.

"जागेचा गुण," याय म्हणाली.

लुंग पात लगेच गेला. परत आला तो खूश होऊन, गाडी लोण्यासारखी चालते म्हणाला. पण एक स्टिकर चिकटवायचे हिया सेंगने त्याच्याकडून एवढे पैसे घेतले की त्यात टायर आले असते. काय लुटारू माणूस आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. फोनवर तिचं रडणं ऐकलं. मी पुष्कळ वेळ "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलो, तीही उत्तर देत राहिली. शनिवारी घरी सोडणार.

आणि मी टायर निवडलेले नाहीत. आनंदाच्या दिवशी हे लिहावं लागतंय. एकोणीस प्रकारांतले चौदा कमी केलेत. पाच उरलेत. शनिवारपर्यंत होणार नाही.

अंपोन म्हणते, स्टिकर आहे ना.

३१ ऑगस्ट, रविवार

काल जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी अंपोन आणि मी फ्रेला निघालो. घाटात धो-धो पाऊस. उतारावरच्या वळणापलीकडे कोबीची पिकअप कलंडलेली, रस्ताभर कोबीचे गड्डे. मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी पहिल्या गड्ड्याच्या हातभर अलीकडे थांबली. मी स्टिअरिंगवरच्या सुकलेल्या हाराला हात जोडले. अंपोन नुसती म्हणाली, "बघा."

दवाखान्याच्या आवारात विहीणबाईंची पिकअप उभी होती, पाळण्यासकट. नोक बाळाला घेऊन बाहेर आली. मला नमस्कार करायच्या आधी तिने खाली वाकून टायर बघितले. मग विहीणबाईंनी टायरमध्ये अंगठा दाबला, कडेने हात फिरवला आणि जरा नाराजीनेच म्हणाल्या, "नवे आहेत." नोक हसली आणि मागे जाऊन बसली. विहीणबाई म्हणाल्या, "पाळणा घेऊन मी मागून येते."

स्टिकर माणसांवरही चालतं! आधी मला आनंद झाला. पण गाडी घाटाला लागली आणि तो आनंद उतरत गेला. आरशात ते इवलंसं तोंड दिसत होतं. जांभई देत होतं. मी बैलगाडीच्या वेगाने चालवत होतो. मागून ट्रक शिव्या घालत जात होते. सकाळची कोबीची जागा आली. बाजूला एक देवस्थान आहे, तिथे गाडी थांबवली.

"नोक, उतर."

"काय झालं पो?"

"बाळाला घे आणि सासूबाईंच्या गाडीत बस. महिना त्यांच्याकडेच राहा. मी टायर बदलले नाहीत. जुनेच आहेत. हे नुसतं स्टिकर आहे." एवढं बोलून मला रडू फुटलं. एकोणसाठ वर्षांचा माणूस, रस्त्याच्या कडेला.

नोकने आईकडे बघितलं. अंपोनने खिडकीबाहेर बघितलं. विहीणबाई मागे थांबल्या होत्या, त्या छत्री घेऊन आल्या. "काय हो, पंक्चर का?"

"नाही," मी म्हणालो. "खोटारडेपणा."

तेव्हा अंपोन उतरली. माझा हात धरून मला चाकापाशी बसवलं आणि माझी बोटं टायरच्या कडेवरून फिरवली.

"काय लागतंय?"

"केस." रबराचे बारीक बारीक, ताठ.

"टकल्याला केस कुठून आले?"

मी बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. खाचा एवढ्या खोल की अख्खं बोट चिखलात बुडालं. कडेचा आकडा वाचला आणि उडालोच. "अंपोन! हे सोळाव्या आठवड्यातले आहेत! सोंगक्रानातले!"

"असू देत. कोबीपाशी थांबले ना?"

"कुणी निवडले? काय बघून निवडले?"

"याय गेली होती. तुम्ही फित्सनुलोकला होतात तेव्हा. लॉटरी लागली होती तिला, तुमच्याच सतराची. हिया सेंगने विचारलं, आजी, कुठले देऊ? तर म्हणाली, काळे दे."

विहीणबाई छत्रीखाली एवढ्या हसल्या की छत्री मिटली.

"मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही ते काढून परत तपासायला लावले असते. आणि नोकचा महिना तिकडे गेला असता." मग हळूच म्हणाली, "तिला उतर म्हणालात, ते मात्र एका दमात म्हणालात. त्याला विचार नाही करावा लागला."

मागून नोक म्हणाली, "पो, घरी चला. ही भिजेल." मी गाडी चालू केली.

घरी आल्यावर आधी अंगणात गेलो. पावसाने हंसांचा रंग थोडा धुतला होता. एकाच्या पोटावर पिवळा ३ दिसत होता. माझ्याच हातचा. बाकीच्यांचे आकडे मी शोधले नाहीत.

२ सप्टेंबर, मंगळवार

नोक शेगडीशेजारी झोपलीय. बाळाला पहिली अंघोळ यायने घातली. मला रागवायचं होतं, दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. त्याऐवजी लाज वाटली आणि तीही फार वाईट नव्हती.

सकाळी बाजारात जाऊन स्टिकर कापून देणाऱ्या मुलीकडून एक बनवून घेतलं. अक्षर कुठलं, रंग कुठला, तिने विचारलं. मी म्हणालो, "काळा दे." घरी येऊन ते सदऱ्यावर, छातीशी लावलं आणि अंपोनसमोर जाऊन उभा राहिलो.

'हा नवरा नवा आहे.'

तिने वाचलं. माझ्याभोवती एक फेरी मारली. विहीणबाईंनी टायरला दाबला तसा माझ्या दंडाला अंगठा दाबून बघितला.

"हे हिया सेंगच्या दुकानात लावलंत का?"

"नाही. घरीच लावलं."

"मग कसं लागू पडणार?" ती म्हणाली, आणि बाळाला माझ्या हातात दिलं.